तळपायाने ऐकणारा दादू मेस्त

कमलाक्षी इब्रामपूरची. गोव्यात डिचोलीच्या एका हायस्कुलात मराठी शिकवायची आणि दोडामार्गावरून रोज स्वतः गाडी चालवत जायची. गाडीला पंधरा वर्षं झालेली. चतुर्थीनंतर एके दिवशी त्या गाडीत कुठेतरी 'टक्' असं वाजलं. एकदाच, अडकित्त्यात सुपारी फुटावी तसं. मग दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

म्हापशाच्या एका गॅरेजवाल्याने शॉकअप बदलले. दुसऱ्याने दारांना ग्रीस लावलं आणि डिकीतला जॅक चिंध्यांत गुंडाळून दिला. दोघांनी सपाट रस्त्यावर चक्कर मारली तेव्हा गाडी अगदी गप्प. नवरा रामचंद्र म्हणाला, म्हातारपणी हाडं वाजायचीच. शेवटी हा आवाज आपल्या डोक्यातच आहे की काय, असं कमलाक्षीला वाटू लागलं. पण त्याच शाळेत शिकवणारी गौरवी दोडामार्गाला गाडीत चढायची, आणि आवाज तिलाही ऐकू यायचा.

दादू मेस्ताचं, म्हणजे दादू मिस्त्रीचं, नाव गौरवीनेच सांगितलं. दादू मूळचा चंदगडकडचा. विशीत खाणीच्या ट्रकांवर कामाला आला, खाणी बंद पडल्यावर डिचोलीबाहेर पत्र्याची शेड टाकून बसला. कमलाक्षी तिथे गेली तेव्हा तो पाठमोरा बसून एक चाक खोलत होता. तिने रस्त्यावरूनच दोनदा हाक मारली, तो वळला नाही. आतून त्याची बायको उषा आली. तिने त्याच्या खांद्याला हात लावला आणि कमलाक्षीला सांगितलं, ह्यांना ऐकू येत नाही, समोरून सावकाश बोला, ओठांवरून कळतं.

आवाज शोधायला आले आणि गाठ पडली बहिऱ्याशी! कमलाक्षीच्या मनात आलं, असंच परत फिरावं. पण भिडेपोटी तिने सगळी हकिकत सांगितली. दादू तिच्या तोंडाकडे बघत होता. ती थांबल्यावर म्हणाला, "बाई, आवाज येतो तवाचं सगळेच सांगत्यात. येत न्हाई तवाचं सांगा."

हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तिने तसं कधी पाहिलंच नव्हतं. दादूने आठ दिवस नीट लक्ष ठेवायला सांगितलं आणि वाटेतल्या घाटात गाडी सावकाश हाकायची ताकीद दिली. कमलाक्षीने वहीच घातली. आठ दिवसांनी पानं चाळताना तिलाच नवल वाटलं. सकाळी घरून दोडामार्गापर्यंत आवाज कधीच नव्हता. गौरवी रजेवर होती ते दोन दिवसही नव्हता. चढणीला नव्हता, डाव्या वळणाला नव्हता. उरलं काय, तर उतार, उजवं वळण, ब्रेकवर पाय आणि शेजारी गौरवी.

दादूने वही वाचली, चपला काढून ठेवल्या आणि शेजारच्या सीटवर बसला. अनवाणी पाय खाली पत्र्यावर, दोन बोटं दाराच्या चौकटीवर, डोळे मिटलेले. कमलाक्षीने घाटातल्या उतारावरून तीन फेऱ्या मारल्या. काही नाही. दादू अंगाने काडीसारखा. त्याने डोळे उघडून विचारलं, तुमच्या मैत्रिणीचं वजन किती असेल? कमलाक्षी ओशाळून हसली. मग वाटेत एका घराचं काम चाललं होतं तिथून त्याने सिमेंटचं एक पोतं मागून आणलं, सीटपुढे आडवं टाकलं आणि त्याच्या कडेने पाय पत्र्यावर टेकवून पुन्हा बसला.

चौथ्या फेरीला वळण अर्ध्यावर आलं. "आता," दादू म्हणाला, आणि त्याचा शब्द संपतो न संपतो तोच 'टक्' झालं.

 कमलाक्षीने गाडी बाजूला घेतली. तिच्या धड कानांच्या आधी त्याच्या तळपायाला कळलं होतं.

शेडमध्ये येऊन त्याने गाडी उचलली आणि डावं पुढचं चाक काढलं. चाकाला धरून ठेवणारा लोखंडी आर्म चिखलाने माखला होता. तो धुतल्यावर चांगला दिसत होता. दादूने त्यावर रॉकेल फिरवलं, कोरडा पुसला आणि वर खडूची पूड चोपडली. मग हातोडीने हलके ठोके देत राहिला. कमलाक्षी वाकून बघत होती. पांढऱ्या पुडीवर केसासारखी काळी रेघ उमटू लागली. ती वाढत वाढत, आर्मला वळसा घेत, निघाली तिथेच जवळजवळ परत येऊन मिळाली. भेगेत मुरलेलं रॉकेल बाहेर येत होतं.

"बोटभर लोखंडावर चाक धरलंय," दादू म्हणाला. "घाटात तुटलं असतं."

कमलाक्षी तिथल्या स्टुलावर बसली. गौरवीला घेऊन ती रोज त्याच घाटातून, दरीच्या कडेने येत होती.

उषाने चहा आणला. नवा आर्म येईपर्यंत दोन दिवस जाणार होते. दादू सांगत बसला. ट्रकांच्या धडधडाटात त्याचे कान तिशीपासून जाऊ लागले. काम जाईल म्हणून त्याने पाच वर्षं कुणाला कळू दिलं नाही. इंजिनावर तळहात ठेवायचा, केबिनमध्ये पाय टेकायचा, आणि हळूहळू पत्रा काय सांगतो ते त्याला उमगू लागलं. "कान फसवतोय, बाई. मोडतं एकीकडं, वाजतं दुसरीकडं. पायाला तसं फसवता येत न्हाई."

नवा आर्म बसल्यावर त्याने सिमेंटसकट पुन्हा उतारावर नेऊन खात्री करून घेतली. मगच चपला घालून तो खाली उतरला.

पुढच्या आठवड्यात कमलाक्षी घरचे भाजलेले काजू घेऊन गेली. दादू आत पाठमोराच, अनवाणी पाय जमिनीला टेकून बसला होता. शेडच्या दारात गटारावर एक फळी टाकलेली होती. त्या फळीवर तिने जेमतेम दोन पावलं टाकली असतील.

"या बाई," न वळता दादू म्हणाला.

ती थबकली. उषा हसत म्हणाली, ह्यात काय विशेष, घरात मी चालते की सून, तेही असंच सांगतात.  काजूची पुडी हातात धरून कमलाक्षीने वाकून आपल्या पायांखालची ती फळी पाहिली.