वत्सलाचा ओटा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीला नाही, भिशीतल्या मैत्रिणींना नाही — आणि मी किती बोलते ते अख्ख्या गंगापूर रोडला ठाऊक! पण इथे आलं की जीभ अडते. बसा जरा. सांगते.

आमची जुनी तीनमजली इमारत होती ना, तिच्या फाटकाशी वत्सला भाजी घेऊन बसायची. मखमलाबादची, घरच्या मळ्यातली भाजी. आमचे हे अंथरुणाला खिळले तेव्हा ती जिना चढून वर यायची आणि दारातूनच हाक — “काका, शेपू आणलाय, पळा!” शेपूचं नाव काढलं तरी नाक मुरडणारा माणूस, पण हसायचा. शेवटी शेवटी त्यांना हसवलं ते तिनेच. मी नाही.

मग इमारत पाडून नवी उंच बांधायचं ठरलं. बिल्डरने दोन नकाशे आणले. एकात खाली छोटे गाळे — किराणावाला, इस्त्रीवाला, आणि कडेला वत्सलासाठी ओटा. दुसऱ्यात खालचा सगळा मजला एका मोठ्या दुकानाला, आणि त्याच्या बदल्यात वर प्रत्येक घराला जादा गॅलरी.

वत्सला म्हणाली, “काकू, मीटिंगमधी माझ्यासाठी बोला. तुमचा शब्द कोन मोडतं?”

बोलते म्हटलं. म्हटलं ना मी!

मीटिंग गच्चीवर झाली. हात वर करायला सांगितले, तर दोन्ही बाजू सारख्याच. राहिले मी. अध्यक्ष हसून म्हणाले, “काकू, आता सगळं तुमच्यावर.” मला कुणी धाक घातला होता का? नाही. अडचण होती? तीही नाही. मला गॅलरी हवी होती — झोपाळा टांगायला. आणि त्या थंडगार दुकानात ढकलगाडी घेऊन मिरवायची हौसही होती, खोटं कशाला बोलू? एकदा बोलले तेवढं पुरे.

मी गॅलरीला हात वर केला.

थांबा — एवढंच असतं तरी बरं होतं. सकाळी वत्सलाने विचारलं, “काय झालं हो काकू?” आणि माझ्या तोंडून निघालं, “खूप भांडले गं तुझ्यासाठी. कुणी ऐकलंच नाही.” तिने माझा हात धरला. तिची जागा गेलेली — आणि समजूत माझी काढत होती! “जाऊ द्या, काकू. तुम्ही भांडल्या, लय झालं. जिवाला लावून घेऊ नका.”

सोसायटीतल्या कुणीही तिला खरं सांगितलं नाही. भाजीवालीशी असलं कोण बोलतं?

आता ती पुढच्या वळणावर बसते, फाटक्या छत्रीखाली. उन्हाने चेहरा रापलाय. गिऱ्हाइकांना सांगते, अख्ख्या बिल्डिंगीत एकट्या काकू माझ्या बाजूनं होत्या. हे ऐकत मी तिथे उभी राहते. मान खाली घालून नाही हो — चक्क हसत.

यंदा तिच्या मुलीचं लग्न झालं. मांडवात सख्ख्या नणंदेच्या आधी मला पाटावर बसवलं, मानाची साडी दिली. नवरीला म्हणाली, “पाया पड. आपल्यासाठी भांडलेलं मानूस हाय.”

पोरगी वाकली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, सुखी राहा म्हणाले. साडी घेतली. मग पंगतीला बसले, आणि वत्सला आग्रह करकरून वाढत होती ते सगळं पोटभर जेवले.