मास्तरणीचा पासवर्ड

माझ्या नणंदेला राग आला की ती भांडी घासते. त्या संध्याकाळी तिने घासून पुसून लावलेली कढई पुन्हा सिंकमध्ये घेतली, तेव्हाच मी ओळखलं की वर्कशॉपमध्ये काहीतरी मोठं बिनसलंय.

"कढईने काय केलंय?" मी विचारलं.

"कढईने काही नाही केलं. म्हणून तर राग तिच्यावर निघतोय."

ती महागड्या, वेगाच्या गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काम करते. लॅपटॉपची वायर गाडीला जोडायची आणि गाडीचा स्वभाव ठरवायचा, हे तिचं काम. स्टिअरिंग हाताला किती जड लागावं, पाय टेकताच गाडीने किती उसळी घ्यावी, सायलेन्सरने किती गुरगुरावं, कुठल्या किल्लीने दार उघडलं तर सीट कुठे सरकावी. सासूबाई आल्यागेल्याला सांगतात, "आमची धाकटी गाड्यांना वळण लावते. स्वतःला लावायचं तेवढं राहिलंय."

वर्कशॉपमध्ये तिला मास्तरीण म्हणतात. गाड्यांच्या कंपनीची परीक्षा तिथे ती एकटी पास झालेली. मॅनेजर दोनदा बसला, दोनदा आपटला. नियम असा, की परीक्षा पास झालेल्यानेच स्वतःच्या नावाने आणि पासवर्डने सेटिंगला हात लावायचा. पण गाड्यांची रांग लागलेली आणि पास झालेली बाई एक. मग तिचा पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपच्या खाली चिकटवला गेला. सहा जण तिच्या नावाने काम करायचे. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. "सगळं वर्कशॉप माझ्या नावावर चालतं," असं ती हसून सांगायची, आणि सांगताना मान जरा ताठ व्हायची. मीही कौतुकच केलं होतं.

त्या संध्याकाळच्या दोन महिने आधी एक गिऱ्हाईक आलं. नवी कोरी, जमिनीला टेकलेली गाडी. बोटात किल्ली फिरवत त्याने फर्मान सोडलं, "चाकं घसरायला लागली की गाडी स्वतःच आवरते ना, ते बंद करा. कायमचं. दर वेळी बटण कोण दाबणार?"

नणंदेचा नेहमीचा प्रश्न, "दुसरी किल्ली कोणाकडे असते?"

"मुलीकडे. आत्ताच लायसन्स मिळालंय."

"मग नाही होणार. तुम्हाला मोकळ्या ट्रॅकवर मजा करायची तर तिथे बटण दाबा. गाडी बंद करून चालू केली की ते आपोआप परत चालू होतं, ते तसंच राहू द्या."

"गाडी माझी आहे, बाई."

"तुमचीच आहे. पण घसरली की ती कोणाचीच नसते."

गिऱ्हाईक तडक मॅनेजरकडे गेलं. मॅनेजरने तिला बाजूला घेतलं. "करून टाक ना. एका टिकचा तर प्रश्न." तिने लॅपटॉप बंद केला आणि जेवायला निघून गेली. हे सगळं तिने त्याच दिवशी मला भाजी निवडताना सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी तिची सुट्टी होती, कारण सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं.

आणि कढईच्या दिवशी कळलं की ती मुलगी ओल्या वळणावर गाडीसकट दुभाजकावर जाऊन आदळली. जिवावरचं हातावर निभावलं, खरंच हातावर. दोन ठिकाणी मोडला. कंपनीने गाडीतली नोंद काढली, तर ती यंत्रणा कायमची बंद केलेली. कोणी, तर माझ्या नणंदेने. तारीख ऑपरेशनच्या दिवसाची, वेळ सकाळी अकरा चाळीस.

"अकरा चाळीसला तू माझ्या शेजारी बाकावर होतीस," मी म्हटलं. "आईंची चप्पल हातात धरून."

"मला सांगतेस? मॅनेजर काय म्हणाला माहितीये? 'गिऱ्हाइकाच्या आग्रहावरून मी केलं' एवढं लिहून सही कर. एक समज मिळेल, विषय संपेल. सगळ्यांची नोकरी वाचेल." तिने कढई आदळली. "सगळ्यांची. म्हणजे त्याची."

आतल्या खोलीतून आवाज आला, "मोतीबिंदू माझा होता की त्याचा, विचार त्याला."

मी कपाटातून सासूबाईंची फाइल काढली. दवाखान्याच्या कागदावर नातेवाईक म्हणून नणंदेची सही होती, शेजारी वेळ, अकरा वाजून पस्तीस. मला वाटलं, झालं, सुटली. मी कागद तिच्यापुढे ठेवला. तिने हात पुसून तो वाचला.

"यातून मी नव्हते एवढंच कळेल, वहिनी. मग विचारतील, पासवर्ड कुठून मिळाला?"

"चोरला म्हण."

"चोरला नाही. मीच चिकटवला. माझ्या अक्षरात आहे."

मला तिचा राग आला, खरं सांगते. समोरचा गळ्यात फास अडकवतोय आणि ही दोरीचं माप सांगतेय. मी तसं बोललेही. ती म्हणाली, "मी नाही म्हटलं आणि जेवायला गेले. पण माझं नाव तिथेच ठेवून गेले ना? त्या नावाने त्यांनी हो म्हटलं."

दुसऱ्या दिवशी तिने मॅनेजरच्या कागदावर सही केली नाही. स्वतःचा कागद लिहिला. गिऱ्हाइकाने काय मागितलं, तिने काय उत्तर दिलं, मॅनेजर काय म्हणाला, अकरा पस्तीसला ती कुठे होती, आणि शेवटी चिठ्ठी कोणी चिकटवली. दवाखान्याचा कागद जोडला, थेट कंपनीला पाठवला. मग लॅपटॉप उलटा करून सगळ्यांदेखत ती चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि पासवर्ड बदलला. दुपारपर्यंत चार गाड्या अडकल्या. मॅनेजर म्हणाला, "मास्तरीण, असं आडमुठं वागू नये." ती म्हणाली, "तिसऱ्यांदा परीक्षेला बसा."

कंपनीने मॅनेजरला काढलं. हिचं प्रमाणपत्र सहा महिने गोठवलं. आता सेटिंगसाठी गाड्या दुसऱ्या शहरात जातात आणि ही टायरमधली हवा बघते. ज्याने किल्ली फिरवत हुकूम सोडला, त्याला कोणी एक प्रश्न विचारला नाही. गाडी त्याची ना.

मागच्या आठवड्यात गाडी दुरुस्त होऊन आली, ती न्यायला बापलेक आले. मुलीचा उजवा हात अजून गळ्यात बांधलेला. बाप म्हणाला, "तुमच्या चुकीमुळे किती मनस्ताप झाला, कल्पना आहे?"

 नणंदेने दार उघडून मुलीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. सीट पुढे घेतली, आरसे तिच्या उंचीला लावले. त्याला पासवर्ड लागत नाही. मग गाडी चालू करून स्टिअरिंगमागच्या दिव्यांवर बोट ठेवलं.

"इथे घसरणाऱ्या गाडीचं चित्र आहे, पिवळं. चालू केल्यावर क्षणभर लागून विझलं तर निघायचं. तसंच राहिलं तर निघायचं नाही. गाडी कोणाची का असेना."

मुलीने दिवा विझेपर्यंत पाहिलं. मग खिडकीतून डावा हात बाहेर काढून बापाला म्हणाली, "बाबा, तुमची किल्ली द्या. दोन्ही माझ्याकडे राहतील."

घरी येऊन नणंदेने मला हे सांगितलं, आणि परत कढई घेतली. सहा महिने म्हणजे माझ्या कढईचा तळ जाणार, हे नक्की.