हौदातल्या दोन टेकड्या

कपबशांच्या कारखान्यात आकडेताईंचं हसू आधी ऐकू यायचं, मग ताई दिसायच्या. कुठल्या आचेवर किती कप न तडकता बाहेर येतात, याच्या नोंदी त्यांच्याकडे असत. त्या ठिपक्यांच्या गर्दीतून एक वळणदार रेषा काढायच्या आणि ती जमली की खुर्चीसकट गिरकी घ्यायच्या. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हे शोभतं का, असं घरी लेक विचारी, आणि मग दोघी मिळून गिरक्या घेत.

त्या शुक्रवारी मात्र गिरकी अर्ध्यात थांबली. महिन्यापूर्वी ताईंनी काढलेल्या रेषेला एकच टेकडी होती, कडक आचेवरची, म्हणजे कप फक्त तिथेच जास्त शाबूत निघतात असं दिसत होतं. तेवढ्यावर साहेबांनी मंद आचेची जुनी भट्टी सोमवारी पाडायचं ठरवलं होतं. "मंद आचेवरही कप झकास निघतात हो, मधल्या आचेवरच काय ते फुटतात," असं ती भट्टी सांभाळणारे भट्टीकाका सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडत होते. भट्टी गेली की काकांची रवानगी गोदामात होणार होती.

आज ताईंना घोडं कुठे पेंड खातंय ते कळलं. रेषा सुबक दिसावी म्हणून त्यांनीच तिच्यावर इतकी इस्त्री फिरवली होती, की दुसरी टेकडी सपाट झाली होती. इस्त्री कमी केली तर एकदम सात उंचवटे उगवले. यातले खरे किती? ताईंनी आकाराचं गणित मांडलं, टोपोलॉजी म्हणतात ते. उत्तर आलं, दोन. ताई टेबलावर थाप मारून हसल्या आणि तशाच उठून साहेबांच्या खोलीत गेल्या, कारण आता चूक कबूल करायची होती.

"टोपो... काय?" साहेब म्हणाले. "दोन वाक्यांत सांगा."

"सांगत नाही, दाखवते. चला हौदापाशी."

माती भिजवायच्या हौदात ताईंनी रेषेच्या आकाराची डोंगररांग थापली, सातही उंचवट्यांसकट, आणि ती बुडेल एवढं पाणी सोडलं. पदर खोचलेला, कोपरापर्यंत चिखल. भट्टीकाकाही येऊन भिंतीला टेकले.

"चूक माझी आहे, साहेब. मी रेषा जास्तच घासली. आता पाणी उतरेल तशी बेटं वर येतील. जे लगेच शेजारच्याला चिकटेल, ती नुसती मोजणीतली थरथर. जे बराच वेळ वेगळं राहील, ती खरी टेकडी."

ताईंनी बूच ओढलं. कडक आचेची टेकडी वर आली, मागोमाग मंद आचेची.

"दोन," साहेब म्हणाले. "तीन! अरे, गेलं की." त्यांनी बाह्या सरसावल्या. "चार! हेही चिकटलं!" पोरासारखे ते हौदावर ओणवे झाले. पाणी चार बोटं उतरलं, पाच बोटं उतरलं. लहान बेटं आली नि मोठ्यांत मिसळली, पण त्या दोघी मधे पाणी ठेवून खमक्या उभ्या राहिल्या.

"पण हा योगायोग असेल तर?" साहेबांनी विचारलं.

"चिठ्ठ्या उचलाव्यात तशा त्याच नोंदी पुन्हा पुन्हा उचलून, दर वेळी एक नवी, अशा हजार रेषा काढल्या. नऊशे सत्तर रेषांत या दोघी होत्याच!"

साहेब फळ्यापाशी गेले आणि 'सोमवार: जुनी भट्टी पाडणे' ही ओळ त्यांनी ओल्या हातानेच पुसून टाकली. ताईंना इतका आनंद झाला, की त्यांनी हौदातलं उरलेलं पाणी काकांवर उडवलं.

काकांनी ती डोंगररांग अलगद उचलली, पंधरा दिवस सावलीत वाळवली, जुन्या भट्टीत मंद आचेवर भाजली आणि ताईंच्या टेबलावर आणून ठेवली. "बघा, एक तडा नाही."

"काका, एका नगावरून काही सिद्ध होत नाही हो!" म्हणत ताईंनी ती छातीशी धरली आणि खुर्चीसकट गरकन गिरकी घेतली.

काकांनी डोळे पुसत खुर्ची धरली. "मग उरलेले नऊशे नव्व्याण्णव आणतो. भट्टी आहे ना आता."