तांबडीचं दुखणं

कोंबड्या पाळायचं खूळ माझंच. फरीदाबादला तळमजल्याचं घर घेतलं, मागे चार खाटा मावतील एवढं अंगण मिळालं, आणि नवऱ्याने तिथे गुलाब लावायच्या आत मी चार कोंबड्या आणून सोडल्या. कोंबडा मुद्दामच आणला नाही. पहाटे त्याच्या आरवण्यापायी शेजाऱ्यांशी वैर कोण घेणार? नवरा म्हणाला, "फाइली सांभाळणारी बाई कोंबड्या काय सांभाळणार!" त्या दिवसापासून मी इरेला पेटले.

मेट्रो पकडायच्या आधी माझं सगळं उरकलेलं असे. मक्याचा भरडा आणि बाजरी, त्यात शिंपल्यांचा चुरा, म्हणजे अंड्यांची कवचं मऊ पडत नाहीत. वर पालक-मेथीचे देठ. पाण्याचं भांडं रोज घासायचं. कोपऱ्यात राख आणि माती कालवून ठेवलेली. तिच्यात त्या मनसोक्त लोळायच्या आणि अंगावरच्या उवा झडून जायच्या. ठरल्या वेळी पाण्यातून जंताचं औषध, आणि पुढे सांगितलेले दिवस अंडी खायची नाहीत. या सगळ्याचा तक्ता मी फ्रिजवर चिकटवला होता. सरकारी नोकरीचा गुण, दुसरं काय.

मुलगी नऊ वर्षांची, जन्म इथलाच. तिचं मराठी म्हणजे अर्धं हिंदी, आणि ते दुरुस्त करत बसणं हा माझा दुसरा छंद. चौघींतली तांबडी तिची लाडकी. शाळेतून आली की दप्तर फेकून आधी तिच्याकडे.

होळी होऊन गेल्यावर एक दिवस ही तांबडी खुराड्यात जाऊन बसली ती उठेचना. अंडी बंद. दिवसातून एकदा बाहेर यायची, घाईघाईने चार दाणे टिपायची आणि परत आत. हात लावायला गेलं की अंग फुगवून गुरगुरायची. उचलून पाहिलं तर छातीवरची पिसं गेलेली. म्हटलं, झालं, उवा! राख चोळली, कडुनिंबाचा पाला अंथरला. मग वाटलं, जंत असतील. औषध पाजलं. बाई ढिम्म. प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, "मॅडम, मैं सिर्फ डॉग-कॅट देखता हूँ."

मुलगी उंबऱ्यावर बसून माझी धावपळ बघत होती. म्हणाली, "आई, तिला काही झालं नाहीये यार. ती बस खुडूक बसलीय."

"खुडूक माणसं बसतात," मी म्हणाले. "तोंड पाडून, कोपऱ्यात. तू बसतेस तशी. कोंबडी आजारी पडते. आणि आईला यार म्हणायचं नाही."

शब्द तिने माझ्याकडूनच उचलला होता. ती रुसली की मी विचारायची, 'काय गं, खुडूक होऊन बसलीस?' माझी आई मला असंच विचारायची. त्यापलीकडे त्या शब्दाला काही घरदार असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

पाचव्या दिवशी मी निर्णय घेतला. बाकीच्या तिघींना लागण झाली तर चारही जातील. ज्याच्याकडून कोंबड्या घेतल्या होत्या त्याला फोन करून सांगितलं, रविवारी येऊन तांबडीला घेऊन जा. तो तिचं काय करणार हे मला माहीत होतं. मुलीलाही माहीत होतं. "शेतावर राहील ती मजेत," असं मी तिला सांगून पाहिलं, तर ती उठून खुराड्याकडे निघून गेली. शनिवारी ती जेवली नाही. मला माझीच लाज वाटत होती, पण एकदा ठरवलं की मागे हटायचा माझा स्वभाव नाही.

रविवारी कोंबडीवाला टोपली घेऊन आला. मुलगी खुराड्याच्या दाराला पाठ लावून उभी. "नाही देणार." मी दंडाला धरून तिला बाजूला ओढलं. हो, ओढलं. कोंबडीवाल्याने आत हात घालून तांबडीला छातीखाली चाचपलं आणि तो हसायलाच लागला.

"मॅडम, बीमार किसने बोला? ये तो कुडक है."

"क्या है?"

"कुडक मुर्गी. अंडे पे बैठना है इसको. छाती के पंख खुद नोचती है, अंडों को गर्मी मिले इसलिए."

"खुडूक!" मुलगी किंचाळली. "आई, मी तेच म्हणत होते! बिल्कुल तेच!"

आत्ता माझ्या डोक्यात उजेड पडला. अंडी उबवायची ओढ लागलेली कोंबडी खुडूक बसते. शब्द मुळात तिचा, आम्ही माणसांनी तो आपल्या रुसव्यासाठी उचललेला. नवरा खिडकीतून म्हणाला, "तक्त्यात हे नव्हतं वाटतं?" एरवी मी त्याला सोडलं नसतं.

कोंबडीवाला रिकामी टोपली घेऊन गेला. दोन दिवसांनी त्याच्या घरची पाच अंडी त्याने आणून दिली; त्याच्याकडे कोंबडा होता. ती तांबडीखाली सारून म्हणाला, एकवीस दिवस तिला छेडू नका, दाणा-पाणी जवळ ठेवा. ते काम मुलीने स्वतःकडे घेतलं आणि मला खुराड्याकडे फिरकू देईना. मी दुरून विचारायची, "खाल्लं का तिने?" उत्तर यायचं, "मी बघते." मी दोनदा माफी मागितली होती. तिला ती पुरली नव्हती.

एकविसाव्या दिवशी तिने शाळा बुडवली आणि मी ऑफिस. दोन अंडी वाया गेली, तीन फुटली. दुपारी ती ओंजळ मिटून स्वयंपाकघरात आली.

"हात पुढे कर."

पिल्लू नुकतंच सुकलं होतं. त्याची नखं माझ्या तळव्याला टोचत होती, आणि त्याचं सगळं अंगच धडधडत होतं. याच्या आईला मी टोपलीत घालून देणार होते. मला रडू फुटलं आणि पिल्लू तळव्यावर डगमगायला लागलं.

"हलू नको," मुलगी म्हणाली, आणि तिने माझ्या हाताखाली आपला हात धरला.