गिरणीवाल्या अप्पांचे कावळे

दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा मन्याड नदीच्या काठावर जमलेली सगळी माणसं अप्पांची राहिलेली इच्छा शोधायला लागली. माझं डोकंच फिरलं. शोधायचीच होती तर माणूस जिवंत असताना शोधायची.

अप्पा म्हणजे माझे वडील, देविदास. कंधारात बस स्टँडच्या मागं त्यांची पिठाची गिरणी. गिरणी कसली, पाखरांची खानावळ! सकाळी पट्टा चढवायच्या आधी कालची झाडलोट, सांडलेली ज्वारी, भरडा टोपल्यात घेऊन अंगणातल्या चिंचेखाली उभे राहायचे आणि हाक द्यायचे, "या रे, या! काव, काव!" चिंचेवर कावळ्यांची घरटी, मागच्या कडुलिंबावर साळुंक्या. गिऱ्हाईक दळण घेऊन ताटकळलं तरी पहिली पंगत पाखरांची. माझी आई, धुरपता, चिडून म्हणायची, "तुमचं लगीन माझ्याशी लागलं का कावळ्यांशी?"

"तुझ्याशीच," अप्पा म्हणायचे. "ते वऱ्हाडी हायेत."

मी लातूरला शिकायला गेले, तर एसटीनं भेटायला यायचे. पिशवीत माझ्यासाठी धपाटे आणि एक रोप. रोप खोलीमालकिणीच्या दारात लावून तिलाच पाणी घालायला सांगायचे. ती कुरकुरत का होईना, घालायची. परक्या बाईला जे जमलं ते सख्ख्या भावाला जमलं नाही.

व्यंकटकाका हे अप्पांचे धाकटे भाऊ. दोघांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचं अंतर, आवाज मात्र हुबेहूब. फोनवर आईसुद्धा फसायची. काकांना अंगणात दुकानाचे गाळे काढायचे होते, पण अप्पा उभे असताना चिंचेकडं वाकडा डोळा करायची त्यांची हिंमत नव्हती. ज्येष्ठात अप्पांना लातूरच्या दवाखान्यात भरती केलं. मी तिथंच नोकरीला, आई सोबतीला, आणि घर काकांच्या भरवशावर. कुंपणानंच शेत खाल्लं. काकांनी चिंच पाडली, आणि तीही घरट्यात पिल्लं असताना.

आम्हाला याचा पत्ताही नव्हता. अप्पा खाटेवरून रोज फोनवर विचारायचे, "व्यंकट, पिल्लं उडाली का रं?"

एक दिवस काकांनी सांगितलं, "हाव भाऊ, उडाली की समदी. मी बघूनच राहिलो ना."

अप्पांनी हसून फोन माझ्या हातात दिला. दोन दिवसांनी ते गेले, समाधानानं गेले. त्या समाधानाचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

त्यांना घेऊन घरी आलो तेव्हा चिंचेच्या जागी नुसता बुंधा होता. तेरवी झाली की लिंबही पाडायचा, असं काकांचं लाकूडवाल्याशी बोलणंही झालं होतं.

मला भाऊ नाही म्हणून पिंड काकांनी ठेवला. बाया घाटावर आल्या म्हणून कुरकूर झाली, पण आई कुणाला विचारून आली नव्हती. कावळा येईना तसे काका हात जोडून म्हणाले, "भाऊ, तुमच्या सुकन्याचं लगीन धूमधडाक्यात लावून देतो." आभाळ रिकामंच. "वहिनीला अंतर देणार न्हाई." काही नाही. भुजंगमामा म्हणाले, "जिलेबी ठेवून बघा, लई आवडायची."

मी ओरडलेच, "जिलेबी काय ठेवता? कावळे ठेवलेत का गावात? अप्पांना माझ्या लग्नाची नाही, त्या पिल्लांची पडली होती!"

विधी सांगणाऱ्या महाराजांनी दर्भ उचलला. कावळा आलाच नाही तर दर्भाचा करून पिंडाला लावतात, शास्त्राला चालतं ते. आई पुढं झाली.

"गवताचा न्हाई चालायचा, महाराज." मग काकांकडं वळून म्हणाली, "भावजी, ज्यानं कावळ्यांचं घर मोडलं, त्यानंच बोलवायचं. तुमचे भाऊ बोलवायचे तसं."

कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले काका इकडंतिकडं बघायला लागले. मग पुटपुटले, "काव..."

"मोठ्यानं," आई म्हणाली.

काकांनी डोळे मिटले. "या रे, या! काव, काव!"

ते अप्पाच होते. तीनदा हाक झाली, आणि कंधारच्या किल्ल्याच्या बाजूनं एक कावळा आला. दगडावर बसला, मान वाकडी करून माणसांत कुणाला तरी शोधू लागला, आणि मग पिंडाला शिवला.

"मोकळा झाला देविदास," कुणीतरी म्हणालं. काका हुंदके द्यायला लागले.

"डोळे पुसा," आई म्हणाली. "तुमच्यासाठी न्हाई आला तो. आवाजाला फसला, मी फसायची तसा. लिंबाला हात लावायचा न्हाई. अन् उद्यापासून गिरणीतली झाडलोट तुम्ही टाकायची, अशीच हाक देऊन."

अख्ख्या गावासमोर काका नाही म्हणू शकले नाहीत.

लिंब अजून उभा आहे. लातूरहून मी सकाळी आईला फोन लावते, तेव्हा मागून हाक येते, "या रे, या! काव, काव!" क्षणभर वाटतं, अप्पा गिरणी उघडायला निघालेत. मग कोण आहे ते आठवतं आणि अंगाचा तिळपापड होतो. काकांना मी माफ करणार नाही. फोन मात्र रोज त्याच वेळेला लावते.