काकू म्हण

आमच्या पेणच्या घरी पोलंडची मुलगी राहायला आली ती सरकारी योजनेतून. दोन्ही देश एकमेकांकडे विद्यार्थी पाठवतात, ते वर्षभर एखाद्या घरात राहून तिथली भाषा शिकतात. तिचा वर्ग रोह्याच्या कॉलेजात असे. अर्ज मीच केला होता. आमची एकुलती मुलगी तापाने गेली त्याला दोन वर्षं होत आली होती. तिची खोली बंद होती आणि बायकोने बोलणं जवळपास टाकलं होतं. हिशेब एवढाच होता.

पोलंडची मुलगी रिक्षातून उतरली आणि उंबऱ्यापाशी वाकून म्हणाली, "नमस्कार, आई."

यजमान बाईंना आई म्हणायचं, असं तिला दिल्लीच्या शिकवणीत सांगितलं होतं. बायको मागे सरली.

"आई नको गो. काकू म्हण."

"माझं चुकलं?"

"नाय चुकलं. काकू म्हण."

एकदा सांगितलेलं ती विसरत नसे.

पुढे घरात आवाज आला. वालाला मोड आले की दोघी पडवीत सोलायला बसत. शेजारीण कुंपणावरून ओरडे, "काय गो, गोऱ्या पोरीला कामाला लावलंस? सासूच झालीस की!"

"तुझ्या का पोटात दुखतंय? ये, तुलाही देते पातेलंभर."

"व्हय, या!" मुलगी म्हणे. रोह्याचे सर तिला 'होय' म्हणायला बजावत. "सरांना सांग, आमच्यात व्हयच म्हणतात," बायको म्हणे. दीड वाटीच्या जागी पुन्हा सव्वादोन वाट्या तांदूळ पडू लागले.

थंडीत मुलीला ताप भरला. उतरेपर्यंत बायको उशापासून हलली नाही. झोपेत मुलगी काहीतरी पुटपुटली.

"आई म्हणाली का हो?" बायकोने मला विचारलं.

"मला कुठे त्यांची भाषा येते?"

तिने मुलीच्या कपाळावरची पट्टी बदलली. मी म्हटलं, "एवढं वाटतं तर सांग ना तिला, आई म्हण म्हणून."

"मागून घेऊ होय? सांगून म्हटलेलं काय कामाचं?"

मलाही ते पटलं. मीही मुलीला काही बोललो नाही.

जायच्या सकाळी बायकोने तिची वेणी घातली, सोडली, पुन्हा घातली. एस.टी. लागली होती. मुलगी पाया पडली, बायकोच्या गळ्यात पडून रडली आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "येते, काकू."

पुढच्या वर्षी योजनेच्या कचेरीतून फोन आला, आणखी एक मुलगी ठेवाल का? मी विचारायच्या आत बायको हो म्हणाली. आदल्या दिवशी खोली झाडताना म्हणाली, "या खेपेला अडवायची नाय. म्हणेल ते म्हणू दे."

नवी मुलगी उंबऱ्यापाशी वाकली. "नमस्कार, काकू."

बायको बघतच राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला आई म्हणायला नाय शिकवलं?"

"आधी शिकवत होते," मुलगी शब्द जुळवत म्हणाली. "मागच्या वर्षीच्या ताईंनी कचेरीत सांगितलं, की आई म्हटलं तर घरच्या बाईंना दुखतं. आता सगळ्यांना काकूच शिकवतात."

"शहाणी हाय ती पोर," बायको म्हणाली, आणि तिची बॅग उचलून आत गेली.