लांजेवार काकाचं वाकडं बोट

डॉक्टर साहेब हसता हसता एकदम चूप झाले.

मी एक्स-रे रूमच्या दारात लांजेवार काकाची नक्कल करून राहिलो होतो. चहाच्या टायमाले माझा हा रोजचाच आयटम. काका आमचे सिनियर टेक्निशियन, बावीस वर्षांची नोकरी. मी आठ महिन्यांचा ज्युनियर. काकाचा आवाज मले हुबेहूब जमे. "श्वास घे... रोक! अबे, रोक म्हटलं तं हसतं काहून?" आन् मंग काका फिल्म धरत तशी धरून दाखवाची. पहिलं बोट वाकडं, फिल्मले न टेकवता वर उचललेलं. नर्स बाया लोटपोट.

"थांब," साहेब म्हणाले. "बोट असंच धरते का तो?"

"हो सर. नवाब आहे ना."

"कधीपासून?"

मले काय माहीत? मी नक्कल केली होती, विचारलं नव्हतं.

तो शहाऐंशीचा उन्हाळा. रशियातली अणुभट्टी फुटल्याची बातमी पेपरात रोज येत होती. त्याच सकाळी तलावात मच्छी मारणारा एक बुढा छातीचा फोटो काढाले आला. म्हणे, "बाबू, ते राख पावसासंगं आमच्या तलावात पडली, तं मच्छी खावाची का नाही?"

"रशिया लय दूर आहे बुढेबा," काका म्हणाले. "तुमी पयले बिडी सोडा."

साहेबानं मले नंतर समजावलं. ती धूळ गवतावर पडते, गाय गवत खाते, पोरगं दूध पेते. गळ्यातली गाठ दिसते कितीतरी वर्षांनं. किरण लागते तवा काहीच दुखत नाही. शरीर मंग सांगते.

त्या दिवशी मात्र साहेब चहा तसाच ठेवून डार्क रूममध्ये काकाकडं गेले. मी मागं मागं.

"काका, हात दाखवा."

"कायले जी सर? हायपोनं फाटला." हायपो म्हणजे फिल्म धुवाचं औषध. "आन् खर्रा घोटतो ना, तंबाखू-सुपारीसंगं चुना लागते."

आमी सारे हेच समजत होतो.

"दाखवा म्हटलं."

काकानं हात उघडला. नखं खरबरीत, त्याईच्यावर काळ्या रेघा. चामडी सुकलेली, चकाकणारी. पहिल्या बोटावर घाव, काठ टणक. "दिवाळीच्या आधीचा असन," काका म्हणाले. "पावडर लावतो."

साहेबानं फिल्म बॅजचे रिपोर्ट मागवले. बॅज म्हणजे छातीवर लावाचा बिल्ला. आत फिल्मचा तुकडा असते. जितके किरण लागले तितका तो काळा होते. तीन तीन महिन्यांनं तपासाले मुंबईले जाते. काकाचे सारे रिपोर्ट साफ. निल, निल, निल.

"पाहा!" काका खूश. "मी तं ठणठणीत."

साहेबानं हळूच विचारलं, "मशीन बरोबर चालते का नाही, हे कसं पाहता?"

"कसं म्हणजे? मशीन चालू करतो आन् चमकत्या पडद्यामागं हात धरतो. बोटाची हाडं साफ दिसली का पेशंट घेतो. इथं लाइन दिवसातून धा खेपा कमी-जास्त होते, धा खेपा पाहा लागते. माह्या गुरुजीनं शिकवलं. मी या पोट्ट्याले शिकवलं."

मी माझा हात खिशात घातला.

"उद्याच नागपूरले जा," साहेब म्हणाले.

"सर, दोन वर्षं राहिली नोकरीची. रिटायर झाल्यावर दाखवतो."

"तोवर हात राहणार नाही."

"मले एक्स-रेवरून काढान का?"

"हो."

"मंग मी कायचा टेक्निशियन?"

काका तीन आठवडे नागपूरले गेलेच नाही. साहेबानं मले त्याईच्या घरी पाठवलं. काका खाटेवर बसून होते.

"तूच दाखवलं ना साहेबाले?"

"नक्कल करत होतो जी काका."

"आता याची कर." त्याईनं बोट वर केलं. घाव फुटला होता.

दुसऱ्या दिवशी एसटीनं आमी दोघं नागपूरले गेलो. घावाच्या मांसाचा तुकडा तपासला. चामडीचा कॅन्सर निघाला. दोन बोटं काढली. काका वॉर्डात होते तवाच त्या तिमाहीचा बॅजचा रिपोर्ट आला. मी घेऊन गेलो.

"वाच."

"निल."

पट्टीतला हात पोटावर ठेवून काका कितीतरी वेळ हसले. "म्हणजे छाती सलामत आहे!"

पुढच्या वर्षी त्याच हाताच्या काखेत गाठ आली. रिटायरमेंटची तारीख काकाले दिसली नाही.

बिल्ला जिथं लावला तिथलंच सांगते. मशीन तपासाले आता मी चाव्याचा जुडगा ठेवतो, त्याचीबी सावली साफ पडते. आन् दर महिन्याले खिडकीच्या उजेडात माझी नखं पाहतो. अजून साफ आहेत. काकाचीबी कितीतरी वर्षं साफच होती.